युद्ध खलाशांसाठी, भरपाई मालकांना

व्यापाराचे भांडण युद्धापर्यंत गेले की स्वातंत्र्याच्या घोषणा दुमदुमू लागतात. ते स्वातंत्र्य कोणाचे, हे आम्ही तहाच्या कलमांत शोधतो.

अमेरिकेचे चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन (१८०९-१८१७) यांचा काळ पाहा. नेपोलियनशी लढणारे ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजे अडवी आणि खलाशांना जबरदस्तीने आपल्या नोकरीत ओढून नेई. व्यापारबंदीचा उपाय फसला आणि जून १८१२ मध्ये अमेरिकेने युद्ध पुकारले. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळले.

खलाशांवरील जबरदस्ती हा अन्याय होताच. पण त्याविरुद्ध उभे राहणारे, 'राज्यघटनेचे जनक' म्हणून गौरवले गेलेले मॅडिसन स्वतः शंभराहून अधिक गुलामांचे मालक होते! या युद्धात सुमारे ४,००० गुलाम पळून ब्रिटिशांकडे गेले. ब्रिटिशांना शत्रू खिळखिळा करायचा होता. गुलामांना माणूस म्हणून जगायचे होते.

डिसेंबर १८१४ मध्ये घेंट येथे तह झाला. त्यात खलाशांबद्दल अवाक्षर नाही. दहाव्या कलमात गुलामांचा व्यापार माणुसकीशी व न्यायाशी विसंगत असल्याची कबुली आहे. पहिल्या कलमात मात्र गुलामांची गणना खाजगी मालमत्तेत आहे. ब्रिटनने ती माणसे परत केली नाहीत. १८२६ च्या करारान्वये बारा लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. कोणाला? मालकांना!

दहाव्या कलमाने अमेरिकेतील गुलामगिरी संपली नाही. पहिल्या कलमावर पैसे वसूल झाले. म्हणून आम्ही म्हणतो, कायद्यातील उदात्त शब्द जरूर वाचा. पण त्यात माणसाची नोंद कशात केली आहे, हे आधी तपासा.