कॅल्शियमचा न जुळणारा ताळेबंद

दुधातल्या, हाडांतल्या कॅल्शियमच्या अणुगर्भात २० प्रोटॉन असतात. न्यूट्रॉन बहुधा २०, क्वचित २८. आठ न्यूट्रॉन वाढले तरी प्रोटॉनांचा पसारा जवळजवळ तेवढाच. त्रिज्या सुमारे ३.४८ फेम्टोमीटर. (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग!) २८ ही 'जादुई संख्या', म्हणजे कप्पे पूर्ण भरलेले. ३२ हीदेखील तशीच असावी, असे २०१३ मधल्या वस्तुमानाच्या मोजमापांवरून वाटू लागले.

जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत, आयसोल्डच्या प्रयोगात, ३२ न्यूट्रॉनांचे कॅल्शियम घडवले गेले. अर्धायुष्य पाच सेकंदांहून कमी. असल्या पाहुण्याला फूटपट्टी कशी लावणार? म्हणून लेसर. इलेक्ट्रॉन गर्भातूनही वावरतो, त्यामुळे गर्भ फुगला की अणू शोषून घेतो त्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो. त्यातून वजनामुळे पडलेला फरक वजा केला की आकाराचा फरक हाती उरतो. शिल्लक नव्हे, फरक तपासायचा. आम्हा बँकवाल्यांना ही रीत परिचयाची.

२०१६ मध्ये निष्कर्ष आला : गर्भ अपेक्षेहून बराच मोठा! तेव्हाच्या कुठल्याच सिद्धांताला हा हिशेब जुळवता आला नाही.

'याचा उपयोग काय?' भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, वर्गणी भरतो. तेव्हा विचारायलाच हवे. माझ्या मते, न्यूट्रॉन ताऱ्यांचा आकार ज्या सिद्धांतांवरून काढतात, त्यांची परीक्षा या चिमुकल्या गर्भावरच होते. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात १६ ते १८ न्यूट्रॉनांचे हलके कॅल्शियम मोजले. तिथे गर्भ अपेक्षेहून लहान निघाला.