फ्री किकचा बदललेला डाव

फेब्रुवारी 2024 मध्ये लास व्हेगास येथे कॅन्सस सिटी चीफ्स आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या संघांमध्ये सुपर बाऊलची लढत झाली. अमेरिकेतील सर्वाधिक पाहिला जाणारा हा सामना अतिरिक्त वेळेपर्यंत रंगला. मात्र त्या सामन्यात झालेल्या तेरा किक-ऑफपैकी एकाही वेळी चेंडू घेऊन कोणी धावले नाही. तेराही वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे गेला आणि खेळ ठरलेल्या जागेवरून पुढे सुरू झाला. पुढच्याच महिन्यात, मार्च 2024 मध्ये, नॅशनल फुटबॉल लीगच्या संघमालकांनी 29 विरुद्ध 3 मतांनी किक-ऑफचा नियम मुळापासून बदलला. या दोन घटनांचा संबंध उघड आहे.

फ्री किक म्हटले की आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांसमोर बचावपटूंची भिंत आणि तिला वळसा घालून जाळ्यात शिरणारा चेंडू उभा राहतो. अमेरिकी फुटबॉलमधील फ्री किक निराळी आहे. प्रतिस्पर्ध्याने ठरावीक अंतर राखायचे आणि लाथ मारणाऱ्याला अडथळा करायचा नाही, एवढेच दोन्हींत साम्य. ही किक तीन प्रसंगी मिळते. सामन्याचा वा उत्तरार्धाचा आरंभ करताना आणि गुण झाल्यानंतर घेतात तो किक-ऑफ. एखादा संघ स्वतःच्याच गोलक्षेत्रात पकडला गेला की प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळतात, त्याला सेफ्टी म्हणतात; त्यानंतर गुण गमावणाऱ्या संघानेच आपल्या 20 यार्डांच्या रेषेवरून चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे धाडायचा, ही दुसरी. तिसरी फेअर कॅचनंतरची. तिची हकीकत पुढे येईलच.

किक-ऑफवर गेली दीड दशके जे संकट होते, ते दुखापतींचे. पूर्वीच्या पद्धतीत लाथ मारणारा संघ मैदानाच्या एका बाजूने सुसाट धावत येई आणि समोरून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांवर आदळे. चाळीस-पन्नास यार्ड धावून आलेली शंभर किलोंची दोन शरीरे एकमेकांवर आपटली, की काय होणार हे सांगायला वैद्यकाची गरज नाही. सप्टेंबर 2007 मध्ये बफेलो बिल्सच्या केविन एव्हरेटला किक-ऑफच्या वेळी मानेच्या मणक्याला गंभीर इजा झाली. तो पुढे चालू लागला, हे त्याचे नशीब. मेंदूच्या दुखापतींवरून माजी खेळाडूंनी दाखल केलेल्या दाव्यांत तडजोड म्हणून लीगने 2013 मध्ये 76 कोटी 50 लाख डॉलर देण्याचे मान्य केले आणि पुढे या रकमेवरील मर्यादाही काढून टाकावी लागली. साहजिकच या खेळातील सर्वांत धोकादायक क्षणाकडे दुर्लक्ष करणे लीगला परवडणारे नव्हते.

त्यावर योजलेला उपाय मात्र विचित्र होता. खेळी सुधारण्याऐवजी ती घडणारच नाही, अशी व्यवस्था करण्यात आली. 2011 मध्ये किक-ऑफची जागा 30 वरून 35 यार्डांच्या रेषेवर आणली गेली, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे पाठविणे सोपे झाले. अशा वेळी चेंडू मिळणाऱ्या संघाने धावण्याचे टाळले तर तो टचबॅक. 2016 मध्ये टचबॅकचे बक्षीस 20 वरून 25 यार्डांवर गेले. 2018 मध्ये लाथ मारणाऱ्या संघाला धावत येऊन सुरुवात करण्यास बंदी झाली आणि सांघिक कडे करून प्रतिस्पर्ध्यांवर चालून जाण्याची जुनी युक्तीही बाद झाली. परिणामी 2023 च्या हंगामात जेमतेम 22 टक्के किक-ऑफवर धाव घेतली गेली. खेळाडू सुरक्षित राहिले, पण प्रेक्षकांना त्या वेळात चहा करून येण्यास हरकत उरली नाही.

2024 च्या नियमाची कल्पना एक्सएफएल या स्पर्धक लीगकडून उचललेली आहे. लाथ मारणारा एकटाच 35 यार्डांवर मागे उभा राहतो. त्याचे दहा सहकारी थेट प्रतिस्पर्ध्याच्या 40 यार्डांच्या रेषेवर उभे असतात. त्यांच्यासमोर पाच यार्डांवर प्रतिस्पर्ध्यांची फळी असते आणि चेंडू झेलणारे एक वा दोन खेळाडू पार मागे. चेंडू जमिनीवर पडेपर्यंत किंवा कोणी झेलेपर्यंत दोन्ही फळ्यांनी जागचे हलायचे नाही. धावत येऊन आदळण्याची सोयच यात राहिलेली नाही. चेंडू गोलरेषा आणि 20 यार्डांची रेषा यांमधल्या पट्ट्यात पडला, की धाव घेणे भाग आहे. पट्ट्याच्या अलीकडे पडला, तर प्रतिस्पर्ध्याला थेट 40 यार्डांवरून खेळ सुरू करता येतो.

कागदावर ही योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात 2024 च्या हंगामात केवळ 33 टक्क्यांच्या आसपास किक-ऑफवर धाव घेतली गेली. त्याचे कारण साध्या अंकगणितात होते. टचबॅकची जागा 30 यार्डांवर ठेवली होती. धाव घेऊ दिली तरी प्रतिस्पर्धी साधारण तेवढ्याच जागी पोहोचणार. मग दोन-तीन यार्डांच्या बचतीसाठी एखादा चपळ धावपटू थेट गोलपर्यंत जाण्याची जोखीम कोणता प्रशिक्षक पत्करील? बहुतेकांनी चेंडू पूर्वीप्रमाणेच गोलरेषेपलीकडे धाडला. 2025 च्या हंगामासाठी लीगने नियम कायम केला आणि टचबॅकची जागा 35 यार्डांवर नेली. या पाच यार्डांनी सारे चित्र पालटले. फुकट द्यायची जागा आता महाग झाली होती. त्या हंगामात सुमारे तीन चतुर्थांश किक-ऑफवर धाव घेतली गेली. लाथ मारणाऱ्यांनी कलाही बदलली: उंच आणि लांब चेंडूऐवजी खाली राहणारा, न फिरता डगमगत जाणारा, टप्पा पडल्यावर कोठेही वळणारा चेंडू ते मारू लागले. क्रिकेटमधील फिरकीचे मर्म जाणणाऱ्या वाचकाला ही गंमत समजावून सांगावी लागणार नाही.

सुरक्षिततेचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. 2024 च्या हंगामात मेंदूला धक्का बसल्याची 182 प्रकरणे नोंदली गेली. आदल्या वर्षापेक्षा ती 17 टक्क्यांनी कमी होती आणि 2015 पासूनच्या नोंदींत हा नीचांक ठरला. त्याचे श्रेय एकट्या किक-ऑफला देता येणार नाही. हेल्मेटही सुधारली आहेत. त्याहून महत्त्वाचे असे, की प्रत्येक धावेमागील धोका घटला तरी धावांची संख्या दुपटीहून अधिक झाल्यावर एकूण दुखापती घटतीलच असे नाही. लीगने आधी खेळी मारून धोका कमी केला होता. आता खेळी जिवंत करून धोका कमी ठेवता येतो, हे तिला सिद्ध करावे लागेल.

या बदलात एक गोष्ट मात्र निश्चितपणे गेली. ती म्हणजे अनपेक्षित ऑनसाइड किक. पिछाडीवरचा संघ चेंडू मुद्दाम जेमतेम दहा यार्ड ढकलतो आणि तो स्वतःच पुन्हा ताब्यात घेण्याचा प्रयत्न करतो, ती ही किक. फेब्रुवारी 2010 मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी सुपर बाऊलच्या उत्तरार्धाची सुरुवातच अशा किकने केली. संघ 10-6 असा मागे होता, कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. चेंडू सेंट्सनी मिळविला आणि इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्धचा तो सामना 31-17 असा जिंकला. नव्या नियमानुसार अशी किक घ्यायची तर आधी पंचांना सांगावे लागते. 2024 मध्ये केवळ शेवटच्या चतुर्थांशात पिछाडीवरील संघालाच ती मुभा होती. 2025 मध्ये वेळेची अट सैल झाली, पिछाडीची राहिली. सांगून केलेला छापा किती यशस्वी होणार? 2024 च्या हंगामात अशा पन्नास प्रयत्नांपैकी तीनच साधले. ऑनसाइड किकऐवजी संघाला एकाच प्रयत्नात 15 वा 20 यार्ड मिळविण्याची संधी द्यावी, असा प्रस्ताव फिलाडेल्फिया ईगल्सने एकाहून अधिक वेळा मांडला, पण तो मान्य झालेला नाही. हा प्रस्ताव फेटाळताना मालकांनी जी परंपरानिष्ठा दाखविली, ती किक-ऑफ बदलताना कोठे गेली होती, असा प्रश्न विचारता येईल.

सेफ्टीनंतरची किक हा या नियमावलीतील सर्वांत चतुर कोपरा आहे. दोन गुण द्यायचे आणि वर चेंडूही द्यायचा, म्हणजे दुहेरी शिक्षा. तरीही काही प्रशिक्षकांनी ती आपणहून ओढवून घेतली. नोव्हेंबर 2003 मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसविरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रियट्स 24-23 असा एका गुणाने मागे होता. तीन मिनिटांहूनही कमी वेळ उरला होता आणि चेंडू स्वतःच्या एक यार्डाच्या रेषेवर अडकला होता. बिल बेलिचिक यांनी चेंडू मुद्दाम मागे, गोलक्षेत्राबाहेर फेकायला लावला. पिछाडी तीन गुणांची झाली. पण कोंडीतून लाथ मारण्याऐवजी 20 यार्डांवरून, विनाअडथळा मारता आली. डेन्व्हर मागे ढकलला गेला, चेंडू परत मिळाला आणि शेवटची तीस सेकंद उरली असताना टॉम ब्रेडी याच्या पासवर पेट्रियट्सनी 30-26 असा विजय खेचून आणला.

फेब्रुवारी 2013 च्या सुपर बाऊलमध्ये हीच युक्ती उलट्या परिस्थितीत दिसली. बाल्टिमोर रेव्हन्स 34-29 असा पुढे होता, बारा सेकंद उरली होती. सॅम कोच चेंडू घेऊन स्वतःच्याच गोलक्षेत्रात आठ सेकंद घुटमळला आणि मग बाहेर पडला. सहकारी प्रतिस्पर्ध्यांना उघडउघड धरून ठेवत होते. कारण त्या जागी धरून ठेवण्याची शिक्षाही सेफ्टीच होती. उरलेली चार सेकंद किकनंतरच्या धावेत संपली. घड्याळ संपविण्यासाठी असे सामूहिक नियमभंग करण्यास पुढे 2017 मध्ये आळा घालण्यात आला.

त्या सामन्यात हरलेले प्रशिक्षक जिम हार्बो हे विजयी प्रशिक्षक जॉन हार्बो यांचे बंधू. फ्री किकने धाकट्या भावाला दिलेला हा फटका त्याच्या स्मरणात राहिला असेल काय, कोण जाणे. पण नियमावलीतील तिसऱ्या फ्री किकवर त्याचे मन जडलेले होते, हे खरे. प्रतिस्पर्ध्याने मारलेला चेंडू खूण करून झेलला, की त्याच जागेवरून थेट गोलखांबांच्या दिशेने किक मारण्याचा हक्क मिळतो. रग्बीच्या वारशातून आलेला हा नियम पुस्तकात पडून होता. प्रतिस्पर्धी दहा यार्ड लांब उभे, मागे सात यार्ड सरकण्याची गरज नाही, वेळ संपली असली तरी किक घेता येते. 2013 मध्ये हार्बो यांनी फोर्टीनायनर्सकडून 71 यार्डांवरून हा प्रयत्न करविला. तो तोकडा पडला. 19 डिसेंबर 2024 रोजी लॉस एंजेलिस चार्जर्सचे प्रशिक्षक म्हणून त्यांना पुन्हा संधी मिळाली. मध्यंतराच्या क्षणी डेन्व्हरच्या खेळाडूकडून झेल घेणाऱ्याला अडथळा झाला आणि दंडाचे पंधरा यार्ड पदरात पडले. कॅमेरॉन डिकरने 57 यार्डांवरून चेंडू खांबांमधून धाडला. 1976 मध्ये चार्जर्सच्याच रे वर्शिंगने केलेल्या कामगिरीनंतर, 48 वर्षांनी, अशी किक प्रथमच साधली. 21-10 अशी पिछाडी 21-13 झाली आणि चार्जर्सनी सामना 34-27 असा जिंकला. समोरच्या बाजूला डेन्व्हरचे प्रशिक्षक म्हणून उभे होते ते शॉन पेटन.