सूर कोणाचे, पैसा कोणाचा?

कॅलिफोर्नियातील 'द मामाज अँड द पापाज' या चार गायकांच्या वृंदाचे 'कॅलिफोर्निया ड्रीमिन' हे गीत १९६५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. कंठांचा सुरेल मेळ आणि प्रसन्न चाल यांमुळे अशा संगीताला पुढे 'सनशाइन पॉप' हे नाव पडले. तो वृंद १९६८ मध्ये फुटला. परंतु पाश्चात्त्य वृंदसंगीताची लाट तोवर आपल्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचली होती. गिटार आणि ड्रम घेऊन गाणाऱ्या या तरुणांना चित्रपटसंगीताच्या बाजारात फारसे स्थान नव्हते. त्यांना व्यासपीठ दिले ते 'सिमला बीट' या अखिल भारतीय स्पर्धेने. मुंबईतील १९७० व १९७१ च्या स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. शिलाँगचे 'फेंटोन्स', बंगळूरचे 'डायनोसॉर्स' आज स्मरणात आहेत, ते त्यांच्यामुळेच.

मात्र 'सिमला' हे सिगारेटचे नाव होते आणि प्रायोजक होती इम्पीरियल टोबॅको कंपनी. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा डॉल व हिल यांचा अभ्यास १९५० चा, तर अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल १९६४ चा. म्हणजे धोका ज्ञात असतानाच सिगारेटचे नाव तरुणाईच्या आनंदाशी जोडले गेले. पुढे १९९६ चा क्रिकेट विश्वचषकही 'विल्स'च्याच नावाने भरला.

त्या कलावंतांना मी दोष देत नाही. प्रायोजक नसता तर त्यांचे सूर कदाचित विरूनच गेले असते, हेही मान्य करावे लागेल. पण कला जगविण्यासाठी दुसरा हात पुढे आला नाही, हा दोष समाजाचा होता.

हा प्रश्न भेस्तानमध्येही जिवंत आहे. खानदेशातून येथे येऊन स्थिरावलेल्या आपल्या बांधवांच्या गणेशोत्सवाला ऑर्केस्ट्रा हवा, मंडप हवा, म्हणून देणगीदारही हवा. २००३ च्या कायद्याने प्रायोजकत्वाच्या मोबदल्यात तंबाखूच्या नाममुद्रेचा प्रचार करण्यास मनाई केली, २०१२ मध्ये गुजरातेत गुटख्यावर बंदी आली. तरीही पानमसाला आणि वेलचीच्या नावाने तीच नाममुद्रा कमानीवर झळकू शकते. शिवाय तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. मावा खाऊन ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, अशा तरुणाला दवाखान्यात उपदेश करायचा आणि सायंकाळी त्याच कमानीखाली सत्कार स्वीकारायचा, हे आपल्या व्यवसायाला शोभत नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी : ज्या कार्यक्रमाला तंबाखू, सुपारी अथवा पानमसाल्याचे प्रायोजकत्व असेल, त्याचे निमंत्रण आपल्या संस्थेच्या सभासदांनी स्वीकारू नये, आणि ज्या मंडळाने ते नाकारले, त्याच्या खर्चाची तूट आपण वर्गणीतून भरून काढावी. नुसता नकार सोपा असतो. आपल्या मुलांच्या गाण्याला स्वच्छ पैसा मिळवून देणे, हेही आरोग्याचेच कार्य आहे.