‘अडाणी’ म्हणण्यापूर्वी

डॉक्टरांची औषधे चालू असताना एखादा रुग्ण वैद्याचा काढाही घेऊ लागला, की आपल्या सुशिक्षित मंडळींचा निवाडा तयारच असतो : ‘अडाणी आहे, दुसरे काय!’ हा निवाडा आम्हांस मान्य नाही. तो उद्धट तर आहेच. शिवाय तो खोटा आहे.

लोक पर्यायी उपचारांकडे का वळतात, याचा शोध अमेरिकेत पद्धतशीरपणे घेतला गेला. जॉन ॲस्टिन यांनी १,०३५ जणांची पाहणी करून १९९८ साली तेथील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. असे उपचार घेण्याकडे अधिक शिकलेल्यांचा कल जास्त आढळला. डॉक्टरांविषयीची नाराजी हे काही त्याचे कारण ठरले नाही. प्रामुख्याने पर्यायी उपचारांवरच विसंबणारे तर शेकडा ५ सुद्धा नव्हते. आपल्या श्रद्धा, मूल्ये आणि जीवनदृष्टी यांच्याशी हे उपचार जुळतात, म्हणून बहुतेक जण त्यांच्याकडे वळले होते.

मग धोका कोठे आहे? तो मौनात आहे. डेव्हिड आयझेनबर्ग व सहकाऱ्यांची पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. गंभीर आजारासाठी पर्यायी उपचार घेणाऱ्यांपैकी शेकडा ८३ जण त्याच आजारासाठी डॉक्टरांकडेही जात होते. मात्र असे उपचार घेणाऱ्या एकूण लोकांपैकी शेकडा ७२ जणांनी ही गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच नव्हती. हिणवल्याने कोणी काढा सोडत नाही. सांगायचे मात्र सोडतो.

हे मौन जिवावर बेतू शकते. योहान बाप्तिस्ताच्या २४ जूनच्या सणासुमारास युरोपात फुलणारी ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती त्याच्याच नावाने ओळखली जाते. खिन्नतेवर ती घेतात. रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनचे रक्तातील प्रमाण ती घटवते, असे २००० साली निदर्शनास आले. हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांची शरीरे ते हृदय नाकारू लागली होती.

यावर कोणी म्हणेल, ‘शिकलेले लोक घेतात, म्हणजे उपचार गुणकारीच!’ हेही आम्ही मानत नाही. लोक का जातात हा एक प्रश्न. गुण येतो का, हा निराळा. शरीरात न पसरलेल्या कर्करोगावर केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ अमेरिकन रुग्णांचा अभ्यास २०१८ साली छापून आला. त्यांच्यात मृत्यूचा धोका रूढ उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट आढळला.

म्हणून डॉक्टरांना आमची विनंती आहे : ‘याशिवाय आणखी काय घेता?’ हे प्रत्येक रुग्णाला विचारा, आणि उत्तर ऐकताना कपाळाला आठी घालू नका. रुग्णाच्या घरच्यांनाही आमचे आग्रहाचे सांगणे आहे : काढ्याची बाटली फडताळात लपवू नका. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर तीही पिशवीत घ्या.