वेळेच्या मालाचा बोजा कोणावर?

कामगार बंधूंनो, पार्सलचा धंदा पळवणारे म्हणून एक्सप्रेस ट्रकवाल्यांवर आपला राग आहे. पण तीन-चार गाड्यांच्या मालकाची दशा आम्हाला वेगळीच दिसते. माल मोठ्या कंपनीचा, भाडेही तिनेच ठरवलेले. गाडी उशिरा पोहोचली की दंड कापला जातो, बिलाचे पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी. टोल आणि बँकेचा हप्ता थांबत नाहीत. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले, जून 2017 पासून भाव रोज बदलू लागला. घाटात एक गाडी बंद पडली की महिन्याचा हिशेब कोलमडतो.

मग काटकसर कशात? दुसऱ्या ड्रायव्हरच्या पगारात! 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्यात 8 तासांचा दिवस होता, पण 5 हून कमी कामगार असलेल्या धंद्याला तो आपोआप लागू नव्हता. लोको कर्मचाऱ्यांनी 1973 मध्ये 10 तासांच्या ड्यूटीसाठी संप केला. केबिनमधला एकटा ड्रायव्हर संप कोणाविरुद्ध करणार? कित्येकदा मालकच स्टिअरिंगवर असतो. पोहोचण्याची वेळ ठरवणाऱ्या कंपनीवरच दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार कायद्याने बसवावा, ही मागणी आपल्या महासंघाने उचलावी असे आम्हाला वाटते.