नॉन-स्टिकचा आहेर

दिवाळीच्या आधी पुणे स्टेशनवर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये चढून बघा. गोंदियाकडे निघालेल्या आम्हा आयटीवाल्यांच्या बर्थखाली लॅपटॉपच्या बॅगेशेजारी हमखास एक खोका असतो. नॉन-स्टिकचा सेट, आईसाठी!

मंडळी, माझं मत विचाराल तर हा आहेर न विचारता देऊच नये.

भांडं वाईट आहे असं नाही. त्यावरचा थर म्हणजे टेफ्लॉन, 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेटच्या हाती अपघाताने लागलेलं. एखादा कपचा पोटात गेला तरी तो बहुतेक तसाच बाहेर पडतो. खरी भानगड आचेची आहे. साधारण 260 अंश सेल्सिअसच्या वर हा थर बिघडायला लागतो आणि आणखी तापला की त्यातून निघणारा धूर पिंजऱ्यातल्या पोपटाचा जीव घेऊ शकतो. माणसाला तापासारखी कणकण येते. रिकामा पॅन मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथवर पोचतो.

खोक्यावर 'पीएफओए-फ्री' लिहिलेलं असतं, ते वेगळंच प्रकरण. हे रसायन थर बनवताना वापरत. 2023 मध्ये ते कर्करोगकारक ठरवलं गेलं. पण ते नाही म्हणून पॅनला मोठी आच सोसते, असा अर्थ होत नाही.

आता आपलं स्वयंपाकघर आठवा. आधी गॅस मोठा करून तवा चढतो, मग कणकेचे गोळे होतात. फोडणीचं तेल कडकडीत तापलं पाहिजे. हातात स्टीलचा सराटा, मोरीत तारेची घासणी. या भांड्याला जे जे चालत नाही, ते सगळं आपली रोजची पद्धत आहे. सूचना कुठे? खोक्यावर, बारीक इंग्रजीत. आणि खोका माळ्यावर!

सहा महिन्यांनी ओरखडे दिसले की बोलणी खाते आई, नाहीतर भांडी घासणारी बाई. हापिसात क्लायंटची गरज न विचारता काही बनवून दिलं तर तो आपल्याला फाडून खाईल. घरी मात्र आपण बिनधास्त 'यूजर एरर' म्हणून मोकळे :-)

आमच्याकडे तांदळाच्या पिठाचा चिला बिडाच्या तव्यावर होतो. अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला की चिला अलगद सुटतो. त्यातही रसायनशास्त्रच आहे बरं का. तेल तापून लोखंडावर त्याचा घट्ट थर बसतो. फरक एवढाच, की तो खरवडला गेला तर घरीच पुन्हा बसवता येतो. नॉन-स्टिकची खपली निघाली की भांडं बदलायचं.

पण बिडाचा तवा जड. मनगट दुखणाऱ्या आईला तो उचलवत नाही, हेही खरं. अशा घरी एक छोटा नॉन-स्टिक पॅन जरूर न्या, ऑम्लेट-धिरड्यापुरता. आणि ओट्यासमोरच्या टाइलवर मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठी चिकटवून या: गॅस बारीक, आधी थेंबभर तेल, लाकडी सराटा, गार झाल्यावरच पाणी, तारेची घासणी नाही. बाईंनाही एकदा वाचून दाखवा, आणि नवा स्पंज तुम्हीच आणा.