कोणाचे काय बिघडते?

आषाढात आमच्या इंझोरीत एका परिचिताच्या सेवानिवृत्तीचा समारंभ झाला, आणि त्या समारंभात एका वक्त्याने, जो माझ्याप्रमाणेच उभी हयात सरकारी दप्तराची धूळ खाऊन पेन्शनीत निघालेला आहे आणि ज्याचे नाव मी सांगत नाही, कारण छापून आल्यास त्याला आनंदच होईल, असे प्रतिपादन केले की, ज्या कचेरीत श्रावणात सत्यनारायणाची पूजा होत नाही ती कचेरी म्हणजे कुंकू पुसलेले कपाळ होय. उपमा त्याला स्वतःलाच इतकी आवडली की ती त्याने दोनदा म्हटली. मग मंडपाकडे हात पसरून त्याने विचारले, “पूजा केली तर कोणाचे काय बिघडते?” मंडपाने टाळ्या वाजवल्या. त्यांत माझ्याही दोन होत्या, कारण शेजारचे वाजवू लागले म्हणजे हात आपोआप उठतात. आणि अशा आपोआप उठणाऱ्या हातांविषयीच मला पुढे बरेच सांगायचे आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे, त्यातील खोकणे आणि संस्कृत वचने वगळली असता, एवढेच उरते. पूजा हा धर्म नसून संस्कृती आहे. ती ऐच्छिक आहे, सक्ती कोणावर नाही. तिच्यामुळे कर्मचाऱ्यांत पापभीरुता उत्पन्न होते. दुसऱ्या धर्माचे लोक कर्णे लावतात ते चालते, मग आमचीच पूजा का खुपते. आणि पूर्वी राजे लोकही धर्मकार्याला खजिन्यातून खर्च करीत. पाच मुद्दे झाले. वक्त्याने सात म्हटले होते, परंतु उरलेले दोन मला टिपून घेऊनही सापडले नाहीत.

पापभीरुतेचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण तो निकालात काढायला फारसे काही करावे लागत नाही. तीर्थ उजव्या हाताने घेतात. मेजाखालून जे घेतात ते कोणत्या हाताने घेतात याचा शास्त्रार्थ मी एकतीस वर्षांत कधी ऐकला नाही, पण दोन्ही घेणारा हात एकाच मनगटाला जोडलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. कर्ण्यांचे म्हणाल तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम मशिदीच्या भोंग्याला आणि मंडपाच्या कर्ण्याला सारखेच लागू आहेत, निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दुसरा नियम मोडतो म्हणून आपणही मोडावा हा युक्तिवाद शाळेतल्या मुलाने केला तर गुरुजी त्याचा कान धरतात. आणि संस्कृतीचा मुद्दा असा आहे की, या व्रताला वेदकालाइतके जुने समजणाऱ्यांनी बंगालकडे एकवार पाहावे. तेथे सत्यपीर नावाच्या दैवताला हिंदू आणि मुसलमान दोघेही शिरणी वाहत आले, आणि आपल्या सत्यनारायणाचे त्या सत्यपीराशी असलेले नाते अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. ही गोष्ट मी वक्त्याच्या कानावर घातली तेव्हा त्याने विषय बदलून यंदाच्या सोयाबीनवर आणला.

आता ‘ऐच्छिक’ या शब्दाकडे वळतो, आणि वाचकाने येथे जरा सावरून बसावे.

ज्या तालुक्याच्या कचेरीत मी नोकरी केली, आणि जिचे नाव येथे अप्रस्तुत आहे, तेथे श्रावण लागला म्हणजे फुलस्केप कागदावर एक यादी निघत असे. सर्वांत वर साहेबांचे नाव आणि त्यापुढे पाचशे एक. त्याखाली नाझर, मग अव्वल कारकून, मग कारकून, असे करीत शिपायापर्यंत आकडा हुद्द्याप्रमाणे पायरी-पायरीने उतरत जाई. वेतनश्रेणीदेखील इतकी सुसंगत नव्हती. ही यादी घेऊन शिपाई मेजाशी येई आणि काही न बोलता उभा राही. त्या न बोलण्यात जी आज्ञा असते ती लेखी फर्मानातही नसते. यादीत आपल्या वरची सर्व नावे भरलेली, आपल्यापुढचा आकडा आधीच लिहिलेला, आणि वर्षअखेरीस आपला गोपनीय अहवाल ज्याच्या हातचा त्याची सही अगदी माथ्यावर. अशा कागदापुढे बसलेल्या माणसाला ‘सक्ती नाही हं’ असे सांगणे म्हणजे विहिरीत लोटलेल्याला ‘पोहणे ऐच्छिक आहे’ असे सांगण्यासारखे आहे. कोणाही व्यक्तीला विशिष्ट धर्माच्या पोषणासाठी खर्च होणारा कर देण्यास भाग पाडता येणार नाही, असे संविधानाचा सत्ताविसावा अनुच्छेद सांगतो. वर्गणी म्हणजे कर नव्हे हे मला कोणी शिकवू नये. पण करदात्याला निदान अपील असते. वर्गणीदाराला काय आहे?

आमच्या दप्तरखान्यात एक सहकारी होता. नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा त्याचे वडील त्या मैदानात होते. त्या दिवशी बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या गेल्या, आणि त्यांतली अगदी पहिली ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. सत्यनारायण हे विष्णूचेच रूप, हे पोथीच सांगते. तेव्हा त्या माणसाच्या दृष्टीने ही वर्गणी म्हणजे पित्याने जाहीरपणे घेतलेले व्रत दरसाल एक्कावन्न रुपये भरून मोडणे होते. तो एक्कावन्न देत असे. कुरकुर नाही, विनंती नाही, चेहऱ्यावर काही नाही. पूजेच्या दिवशी मात्र तो येत नसे, आणि हजेरीपटात त्याच्या नावापुढे नैमित्तिक रजा पडे. आम्हा राज्य कर्मचाऱ्यांना त्या रजा वर्षाला आठ. म्हणजे ज्या गोष्टीने कोणाचे काही बिघडत नाही तिच्यासाठी हा गृहस्थ दरसाल पैसे देऊन वर आठांतली एक रजाही देत होता. मला हे कसे ठाऊक? ती यादी सात वर्षे माझ्याच अक्षरात होती, आणि हजेरीपटही माझ्याच मेजावर असे. दोन्ही कागद मी एकाच दौतीने लिहिले आणि सात वर्षे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नाहीत.

दोघेही निवृत्त झाल्यावर एकदा कारंज्याच्या बसस्थानकावर त्याची गाठ पडली. बोलता बोलता मी विचारले की, बाबा रे, एकदा तरी नाही का म्हणाला नाहीस? तो हसला. म्हणाला, “यादीत नाही लिव्याचा रकानाच नव्हता ना, भाऊ.”

यावर प्रतिपक्ष म्हणेल की, मग त्याने कायद्याचा आधार घ्यायचा होता. घेणाऱ्यांनी घेतलाही आहे. नाशिककडील एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या एका शिक्षकाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१३ साली न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय देऊन हात जोडण्याची सक्ती करता येत नाही असे सांगितले. दोन तळहात एकमेकांना लागावेत की न लागावेत, या प्रश्नासाठी एका शिक्षकाला उच्च न्यायालयाचा जिना चढावा लागला! ज्याच्यात तेवढे बळ नाही तो रजेचा अर्ज देतो, आणि वक्ता त्या अर्जाला ऐच्छिकता म्हणतो.

येथे पोथीचा दाखला देण्याचा मोह आवरत नाही, कारण वक्त्याने पोथीतल्या राजा तुंगध्वजाची भीती आम्हाला घातली: राजाने प्रसाद अव्हेरला आणि तो सर्वनाशाला पोचला, तसे हे राज्य पोचेल. पोथी मीही ऐकली आहे, आणि वक्त्यापेक्षा किंचित लक्ष देऊन. तुंगध्वजाने ज्यांचा प्रसाद अव्हेरला ते गोप होते, रानात वडाखाली बसून त्यांनी आपली पूजा मांडली होती. राजाच्या सदरेवर नव्हे. लाकूडतोड्याने मोळी विकली, त्या दिवशी दुप्पट दाम आले, आणि त्या स्वकष्टाच्या पैशांतून त्याने केळी, तूप, साखर घेतली. उल्कामुख हा तर प्रत्यक्ष राजा, पण त्यानेही पत्नीसह नदीतीरी जाऊन व्रत केले, दरबार थांबवून नाही. पाचही अध्याय शोधले असता वर्गणीला जवळचा म्हणावा असा एकच दाखला निघतो: काशीच्या ब्राह्मणाने, आज भिक्षेत जे मिळेल त्यातून पूजा करीन, असा संकल्प केला. परंतु तो ब्राह्मण दरिद्री होता. मागणारा वरिष्ठ आणि देणारा कनिष्ठ अशी भिक्षा पोथीत कोठेही वर्णिलेली नाही.

राजे लोक खजिन्यातून खर्च करीत, हा मुद्दा राहिला. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात सरकारी खजिन्यातून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई हे खरेच आहे. पण त्या पैशाचे पुढे काय झाले, हे अशा वक्त्यांच्या भाषणात कधी येत नाही. राज्य गेल्यावर त्या दक्षिणेतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, नंतर त्याच निधीतून मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याची प्रथा पडली, आणि तेव्हाही सनातन्यांनी हाकाटी केली की धर्म बुडाला. ग्रंथ लिहिले गेले. धर्म काही बुडाला नाही. हा वाद शंभर वर्षांपूर्वीच संपायला हवा होता, पण आपल्याकडे वाद संपत नाहीत, बदलीवर जातात; २०१८ साली तो पुण्याच्याच एका नामांकित महाविद्यालयात सत्यनारायणाच्या निमित्ताने पुन्हा रुजू झाला होता.

आणि ज्यांना वाटते की देवाला सरकारी कागदात जागा न देणे हे नास्तिकांचे कारस्थान आहे, त्यांनी १७ ऑक्टोबर १९४९ चा दिवस आठवावा. संविधानाच्या उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी दुरुस्ती संविधान सभेत मांडणारे हरि विष्णू कामत हे आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेले सभासद. विरोध केला तो देवधर्म मानणाऱ्यांनीच. हृदयनाथ कुंझरूंचे म्हणणे असे की, जी गोष्ट प्रत्येकाच्या अंतःकरणाची तीत समुदायाचे मत कोणावर लादू नये. पूर्णिमा बॅनर्जींनी तर देवावर मतदान करण्याचे संकट आमच्यावर आणू नका म्हणून कामतांना विनवले. कामतांनी मतदान घ्यायला लावलेच. ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती पडली. त्या अडुसष्टांतल्या कित्येकांनी सकाळी घरी पूजा केली असेल. सभागृहात मात्र त्यांनी ती बरोबर आणली नाही. ज्याला ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची त्याने ती घ्यावी, ज्याला नको त्याने गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, असे दोन रकाने त्यांनी तिसऱ्या अनुसूचीत ठेवले. आमच्या यादीत एकच होता.

वेळेचे तर विचारूच नका. पूजेच्या दिवशी अकरापासून दोनपर्यंत कचेरीत नारायणच काय तो हजर असे. एकदा खरिपाच्या कर्जासाठी फेरफाराची नक्कल न्यायला आलेला एक म्हातारा खेडूत सकाळपासून व्हरांड्यात बसला होता, चौथा अध्याय चालू असता त्याने खिडकीतून डोकावून मला विचारले, “काऊन भाऊ, देव उठले नाई का अजून?” नक्कल त्याला दुसऱ्या दिवशी मिळाली. गावाहून यायचे-जायचे एसटीचे भाडे दुसऱ्यांदा पडले ते वेगळे. प्रसाद मात्र मिळाला, हे मान्य केले पाहिजे.

तर मग तुमचे म्हणणे तरी काय, असे वाचक विचारील. माझे म्हणणे फार मोठे नाही, आणि वक्त्याच्या भाषणाइतके ते रंगणारही नाही. वऱ्हाडाने दोन माणसे अलीकडच्या काळात जन्माला घातली. शेंडगावच्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, देवळे बांधली नाहीत. धर्मशाळा बांधल्या, आणि ज्या गावात गेले ते गाव आधी खराट्याने झाडले. तुकडोजी महाराजांनी मोझरीला सामुदायिक प्रार्थना चालवली, पण ती उघड्यावर, ज्याला बसायचे त्याने बसावे अशी. या दोघांचे फोटो आज कित्येक कचेऱ्यांत लटकलेले दिसतात, बहुधा जाळ्यांसकट. माझी सूचना एवढीच की, श्रावणात वर्गणी गोळा करण्याची ज्यांना फारच हौस असेल त्यांनी तिच्यातून व्हरांड्यात दोन बाके आणि पाण्याचा एक माठ ठेवावा, पावणेदहाला खिडकी उघडावी, आणि खिडकीपुढच्या माणसाला आतल्या माणसाचा देव कोणता हे कळण्याचे कारण पडू देऊ नये. यादी फिरवायचीच तर तीवर नावे नसावीत. एक बंद डबा ठेवावा. किती जमतात ते पाहू.

पूजेशी माझे वैर आहे असा समज वक्त्याने पसरवू नये. आमच्या घरी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सत्यनारायण असतो, माझ्या आजोबांपासून आहे, आणि यंदाही आहे. वक्त्यालाही आमंत्रण गेले आहे. दप्तरखान्यातला माझा तो सहकारीही दरसाल येतो. आरती आटोपल्यावर, दुपारी जेवायच्या वेळेला. प्रसादाचा द्रोण मी त्याच्यापुढे सरकवत नाही, आणि तोही त्याविषयी काही विचारत नाही. भाजी मात्र तो दोनदा मागून घेतो.